‘विषय काढू नका’ म्हणणाऱ्यांना

पालकसभेत मुलांच्या आत्महत्येच्या विचारांबद्दल बोलायचं म्हटलं, की कुणीतरी हात वर करतंच : ‘‘मॅडम, हा विषय काढूच नका. नाही ते पोरांच्या डोक्यात भरेल.’’ नागपुरात, नीट-जेईईच्या शिकवण्यांच्या या गावात, हे फार तळमळीनं बोललं जातं. 2022 मध्ये महाराष्ट्रात 1,764 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, देशात सर्वाधिक. तेव्हा भीती खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चूक आहे.

या आक्षेपातलं एक मान्य करू. आत्महत्येच्या बातम्या रंगवून, तपशिलासह छापल्या तर अनुकरण होतं. म्हणूनच 2019 साली प्रेस कौन्सिलनं वृत्तपत्रांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पण बातमी रंगवणं वेगळं आणि समोर गप्प बसलेल्या मुलीला ‘‘जगणं नकोसं वाटतं का गं?’’ असं विचारणं वेगळं. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या 2,342 विद्यार्थ्यांवर हे तपासून झालंय, 2005 मध्ये. अर्ध्यांना आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. विचारलेल्यांचे विचार वाढले नाहीत, अस्वस्थताही वाढली नाही. आधीपासून निराश असलेली मुलं तर विचारल्यावर कमी अस्वस्थ दिसली. आपल्या मनातलं कुणीतरी ओळखलं, याचा दिलासा किती मोठा असतो ते घुसमटलेल्यालाच कळतं.

दुसरा सूर : ‘‘नाटकं करते, लक्ष वेधायला.’’ असू द्या. मग लक्ष द्या! स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचंच असतं असं नाही. सहन न होणारं काहीतरी तेवढ्यापुरतं थोपवायचं असतं. पण अशा मुलांच्या जिवाला पुढे धोका जास्त असतो, आणि तो कमी करायचा सोडून आपल्याकडे आईची शपथ घालून प्रकरण मिटवतात. शपथेनं फक्त एवढंच होतं, की पुढच्या वेळी मूल लपवतं.

‘‘आमच्या वेळी नव्हतं बुवा असं काही.’’ होतं. घरचे अपघात झाला म्हणून सांगत.

सगळ्यात घातक आहे ती झाकपाक. पोलीस केस होईल, लग्न जमणार नाही म्हणून प्रयत्नातून वाचलेल्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञानं बघायच्या आतच घरी नेतात. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायला सांगितलंय आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलमही उरलेलं नाही. राहिली लोकलाज. कोराडी रस्त्यावरचं मनोरुग्णालय 1864 चं, आणि तिथल्या चौकाला गाव अजून ‘पागलखाना चौक’च म्हणतं, आईची पावलं तिकडे वळणार कशी? पण तिथंच जायला हवं असं कुठंय? मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत.

तेव्हा पालकसभेत हात वर करणाऱ्यांनी तो जरूर करावा, पण वेगळ्या प्रश्नासाठी. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये बजावलं. शिकवणी वर्गही त्यात आले. आपल्याकडे समुपदेशक आहे का? मुलांच्या तुकड्या कशावरून पाडल्यात? फी भरताना हे विचारा.

आणि घरी मुलाला सरळ विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, व्याख्यान देऊ नका, त्याला एकटं सोडू नका. औषधं आणि फवारणीचे डबे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर टेली-मानसचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत, चोवीस तास सुरू असतात.