परदेशी उतरल्यावर पहिला फोन घरी

अमरावती-अकोल्याची आपली कामकरी माणसे पै-पै साठवून आता श्रीलंकेला, अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे दर्शन घ्यायला जातात. कोलंबोजवळ कटुनायके विमानतळावर उतरले की फोन मुका होतो अन् इकडे घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. रोमिंगचा पॅक न घेता डेटा चालू केला, तर पगाराला भोक पडते.

आम्ही एवढेच सांगतो : निघण्यापूर्वी डेटा रोमिंग बंद करा. उतरल्यावर आगमन कक्षातच डायलॉग किंवा मोबिटेलच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून प्रवाशांचे सिम घ्या. तिथेच +९१ लावून घरी बोला, मगच पुढे सरका. आपले सिम जपा. ते हरवले तर बँकेचा ओटीपी अडतो. अन् घरचे नंबर कागदावरही लिहून ठेवा.