दोन कोटींच्या चढाईपटूवर भांडण, पण नऊ लाखांच्या पोराचं काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा, घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा.

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की आपल्याकडं एकच विषय सुरू होतो. पुणेरी पलटणनं कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कोणता मोठा रेडर घ्यायचा. जालन्यात मोंढ्यापासून ते अंबड-घनसावंगीच्या पारापर्यंत सगळे तज्ज्ञ. "पवन सेहरावत घ्यायला पाहिजे होता", "शादलुईला सोडलंच कशाला", "बचावात दम नाही". चर्चा व्हावी, मजा येते. पण ही चर्चा पहिल्या तासाच्या बोलीवरच थांबते. मोठी चार-पाच नावं विकली गेली की आपण मोबाईल खिशात टाकतो. माझं म्हणणं असं की संघ खरा घडतो तो त्यानंतर. शेवटच्या फेरीत कुणाला उचललं, कोणत्या नवख्या पोराशी करार केला, आठव्या ते बाराव्या नंबरला कोण बसलंय, हंगामाचा निकाल तिथं लागतो.

हवेत बोलत नाही, हिशोब मांडतो.

दहाव्या हंगामात प्रत्येक संघाची थैली होती ५ कोटींची. त्यात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ब गटाची २०, क गटाची १३ आणि ड गटाची ९ लाख. तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. म्हणजे निम्मी थैली एका माणसावर. त्याच लिलावात पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख लावले. म्हणजे यांनीही जवळपास निम्मी थैली एकावरच लावली. मग निकाल काय लागला? टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकून तळाला. पलटण गुणतक्त्यात अव्वल आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेती.

पैसा दोघांनीही सारखाच ओतला. पवन काही कच्चा खेळाडू नव्हता, उलट त्या हंगामातला सगळ्यात महागडा तोच. फरक होता उरलेल्या खेळाडूंत. पलटणकडं अस्लम इनामदार होता, मोहित गोयत होता, आकाश शिंदे होता, पंकज मोहिते होता. यांतल्या कुणालाही पलटणनं कोट्यवधी मोजून बाजारातून आणलेलं नव्हतं. ही सगळी पोरं नवीन तरुण खेळाडू म्हणून संघात आली, तिथंच वाढली. स्वस्तात मिळालेली आणि घरात पिकवलेली पोरं होती, म्हणून तर शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख उरले! आधी खालची फळी भरली, मग वर कळस चढवला. आपण चर्चा करताना मात्र कळसापासून सुरुवात करतो.

अस्लमचंच बघा. गोदावरीपलीकडचं, श्रीरामपूर तालुक्यातलं टाकळीभान हे त्याचं गाव. आपल्या गावांसारखंच. आठव्या हंगामात तो पलटणमध्ये आला तेव्हा पोस्टरवर त्याचं नाव नव्हतं. पोस्टरवर होते राहुल चौधरी आणि नितीन तोमर. हंगाम पुढं सरकला तशी चढाईची सगळी भिस्त अस्लम आणि मोहित या दोन नवख्या पोरांवर आली आणि त्यांनीच संघाला बाद फेरीपर्यंत नेलं. पुढं २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं कबड्डीचं सुवर्ण जिंकलं, त्या संघात अस्लमही होता आणि आकाशही. दहाव्या हंगामात तर अस्लम कर्णधार होता आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही ठरला.

आता "बेंच कशाला लागतो, सात जण तर खेळतात" म्हणणाऱ्यांसाठी नवव्या हंगामाचं उदाहरण. तमिळ थलायवाजनं पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि पूर्ण हंगाम तो बाहेर. सगळे म्हणाले, संपला संघ. पण नरेंदर नावाचा नवखा पोरगा उभा राहिला, त्यानं हंगामात चढाईचे २४३ गुण घेतले आणि थलायवाज इतिहासात पहिल्यांदा बाद फेरीत पोचले. उपांत्य सामना होता आपल्या पलटणशी. आणि गंमत अशी की त्या सामन्यात पलटणकडंही अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळं नव्हते. म्हणजे दोन्ही बाजूंचे हुकमी एक्के बाहेर आणि सामना दुसऱ्या फळीत! पलटणनं तो ३९-३७ असा जिंकला तो पंकज मोहितेच्या जोरावर. हाच पंकज पुढं दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ९ गुण घेऊन गेला.

कबड्डीत हे होणारच. चाळीस मिनिटांचा खेळ, तीस सेकंदांची चढाई, आणि प्रत्येक चढाईत चार-पाच जण गुडघ्यावर, घोट्यावर तुटून पडतात. पूर्ण हंगामभर सातही जण धडधाकट राहतील असं धरून चालणं म्हणजे पाऊस वेळेवर पडेल असं धरून पेरणी करण्यासारखं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

"मग अकराव्या हंगामात काय झालं तुमच्या बेंचचं?" हा प्रश्न येणार, मला माहितीय. रास्त प्रश्न आहे. त्या हंगामात अस्लम जायबंदी झाला आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ बाद फेरीतही पोचला नाही. पलटणनं सोडलेला शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडं गेला आणि हरियाणा विजेता! काही जण यावरून म्हणतात की शेवटी मोठाच खेळाडू लागतो. मोठा खेळाडू लागतोच, नाही कोण म्हणतंय? पण अकरावा हंगाम मला उलट हेच सांगतो की खालची फळी एकदा भरली म्हणजे कायमची भरली असं होत नाही. कालची नवखी पोरं आज मुख्य सातात गेली, तर त्यांच्या मागं नवी पोरं तयार लागतात. अस्लम स्वतः बेंचवरून वर आला, पण अस्लमच्या मागं कोण, हा प्रश्न उरलाच. ते काम दर वर्षी नव्यानं करावं लागतं. पलटणनं ते पुन्हा केलं आणि बाराव्या हंगामात परत अंतिम सामना गाठला. दबंग दिल्लीकडून २८-३१ असे हरलो. तीन गुणांनी हरल्याचं दुःख आहेच, पण चार हंगामांत तीन अंतिम सामने ही काही साधी गोष्ट नाही.

आपलं जालना बियाण्याचं गाव. १९६४ ला बद्रीनारायण बारवाल्यांनी इथं महिको सुरू केली, तेव्हापासून बियाणं काय असतं हे आपल्या पोरासोरांनाही कळतं. एखादा वाण बाजारात येण्याआधी कित्येक वर्षं चाचणीच्या वाफ्यात असतो. दहा ओळी लावतात, आठ टाकून देतात, दोन पुढं नेतात. पहिल्याच हंगामात उत्पन्न दिलं नाही म्हणून कुणी ते बी फेकत नाही आणि न पेरता पोत्यात ठेवलेलं बीसुद्धा चांगलं की वाईट ते कळत नाही. शेवटच्या फेरीतल्या खेळाडूचं अगदी असंच आहे. त्याला नुसतं घेऊन भागत नाही. त्याला रान द्यावं लागतं, वेळ द्यावा लागतो.

क्रिकेटमधनं दोन उदाहरणं देतो, दोन्ही महाराष्ट्राची. ऋतुराज गायकवाडला चेन्नईनं २०१९ च्या हंगामासाठी २० लाखांच्या मूळ किमतीला घेतलं. पहिल्या वर्षी एकही सामना नाही. दुसऱ्या वर्षी सुरुवातीला अपयश, पण संघानं परत संधी दिली आणि त्यानं सलग तीन अर्धशतकं ठोकली. २०२१ ला ६३५ धावा आणि ऑरेंज कॅप, २०२४ ला थेट कर्णधार. दुसरं उदाहरण आपल्या घरचं, विजय झोल. २०११ ला कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ करणारा जालन्याचा पोरगा. २०१४ ला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार. त्याच्या त्या संघातले संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव पुढं भारताकडून खेळले. विजयला बंगळुरूनं घेतलं, पण आयपीएलमध्ये त्याचं बस्तान बसलं नाही. यात कुणाचा दोष काढत नाही, खेळात शंभर गोष्टी असतात. पण निवड होणं आणि रुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जालन्याइतकं कुणाला कळायला पाहिजे?

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं.

पलटणनं कुणाला घ्यावं ते आपण ठरवत नाही. आपल्या गावच्या संघात कोण खेळतं ते मात्र आपणच ठरवतो. आणि तिथं आपण काय करतो? यात्रेची नाहीतर जयंतीची ओपन स्पर्धा ठरली, पहिलं बक्षीस जरा तगडं असलं, की गावातली दोन बडी मंडळी वर्गणी काढून बाहेरचे तीन-चार तयार खेळाडू आणतात. जाण्यायेण्याचं भाडं, वर मानधन, मटणाचं जेवण. जर्सी आपल्या गावाची, आतला माणूस तिसऱ्याच जिल्ह्याचा. आणि वर्षभर पहाटे उठून शाळेच्या मैदानावर घाम गाळणारं आपलं पोरगं कडेला बसून पाण्याच्या बाटल्या देतं. ढाल गावात येते, फोटो होतात, गुलाल उडतो. पण ते पोरगं पुढच्या वर्षी येत नाही. कुठंतरी गाडीवर नाहीतर कंपनीत लागतं आणि विषय संपतो.

यात खेळापलीकडचं नुकसान आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि तिथवर जाण्यासाठी आधी जिल्ह्याच्या निवड चाचणीत चमकावं लागतं. ज्यानं आयुष्यात दडपणाखाली दहा चढायाही केल्या नाहीत, तो चाचणीत काय चमकणार? आपण एक ढाल जिंकायला आपल्याच लेकराची वाट अडवतो, हे कडू आहे पण खरं आहे.

म्हणून माझ्या चार सूचना. आयोजकांनी आणि मंडळांनी विचार करावा.

एक, संघात बारा खेळाडू असतात, त्यात पाहुणे जास्तीत जास्त तीन. आणि मैदानावरच्या सातात कुठल्याही क्षणी किमान चार जण त्याच गावचे किंवा तालुक्याचे पाहिजेत. पाहुणे पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. चांगल्या खेळाडूसोबत खेळूनच पोरं शिकतात.

दोन, वीस वर्षांखालच्या स्थानिक खेळाडूसाठी वेगळं बक्षीस ठेवा. पहिल्या बक्षिसातून थोडे पैसे इकडं वळवले तरी भागतं.

तीन, गुणपत्रक नीट लिहा आणि जपून ठेवा. कुणी किती चढाया केल्या, किती गुण आणले, किती पकडी केल्या. आज आपल्याकडं विजेत्याचं नाव राहतं, पोराच्या कामगिरीचा कागद राहत नाही. उद्या कुणी बघायला आलं तर त्याला दाखवणार काय?

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वर्गणीतला काही भाग जखमी खेळाडूसाठी बाजूला काढा. व्यावसायिक संघातल्या खेळाडूचा गुडघा गेला तर त्याच्यामागं डॉक्टर असतात, फिजिओ असतात. गावातल्या पोराचा गुडघा गेला तर बापाला मोसंबीचे पैसे मोडावे लागतात. मग दुसरा बाप आपल्या पोराला मैदानावर पाठवत नाही आणि बेंच तिथंच रिकामा होतो.

लोक म्हणतील, बाहेरचे खेळाडू नसले तर गर्दी जमणार नाही. मला नाही पटत. गर्दी नावाला जमते तशी आपल्या माणसालाही जमते. वडिलांसमोर, चुलत्यांसमोर, गल्लीतल्या पोरांसमोर तिसरी चढाई करायला आपलं पोरगं मैदानात उतरतं, तेव्हा जो आवाज होतो तो भाड्याच्या रेडरला कधीच मिळत नाही.

तेव्हा पलटणच्या लिलावावर भांडा, जरूर भांडा, मीही भांडणार आहे. फक्त या वेळी शेवटच्या फेरीपर्यंत बघा, ९ लाखांवर कोण गेलं तेही बघा. आणि पुढच्या स्पर्धेची बैठक तुमच्या गावात होईल तेव्हा एकच प्रश्न विचारा: आपल्या बारातले आपले किती?

पटलं तर तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली मुद्द्यानं बोला, उत्तर देतो.