पापाची खतावणी

या सदरात मी वर्षभर दुसऱ्यांच्या चुका दाखवीत असतो. दिवाळीच्या निमित्ताने एक स्वतःची सांगतो.

दिवाळी आली की आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराच्या गादीवर लाल बांधणीच्या नव्या वह्या येतात. हिशेब आता यंत्रावर होतो, पण पूजेला वहीच लागते. कुंकवाचे स्वस्तिक निघते, हळदकुंकू वाहिले जाते आणि जुनी बाकी नव्या पानावर ओढली जाते. ही पूजा पाहायला मला फार आवडते. कारण मनातल्या मनात मीही एक वही ठेवीत आलो आहे. तिच्यात हिशेब आहे तो पापपुण्याचा.

हसू नका, वाचकहो! अशी वही तुमच्याजवळही असेल. आपल्या भाषेत पापाचा घडा भरतो, पुण्य गाठीला बांधता येते, पुण्याई कामी येते. वाल्या कोळ्याने तर एकेका हत्येमागे एकेक खडा टाकून सात रांजण भरले. जे मोजता येते ते फेडताही येते, हा या साऱ्यातला मोठा दिलासा!

माझा खडा सुमारे पंधरा वर्षांपूर्वीचा. नोकरी नवी होती, कायम व्हायची होती. परीक्षेच्या वर्गात मी पर्यवेक्षक होतो. मागच्या बाकावरून एक चिठ्ठी उडाली आणि पुढच्या मुलाच्या पायाशी पडली. ती फेकणारा हात मी पाहिला. तो संस्थेतल्या एका वजनदार गृहस्थांच्या चिरंजीवांचा होता. नेमके त्याच वेळी भरारी पथक आत आले आणि पुढचा मुलगा पकडला गेला.

“सर, तुम्ही पाहिलंत ना?” त्याने विचारले.

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हणालो.

तीनच शब्द. त्या मुलाचे वर्ष वाया गेले आणि पुढे त्याने कॉलेजच सोडले. मी मात्र कायम झालो. मग दर वर्षी एका गरजू विद्यार्थ्याची फी गुपचूप भरू लागलो. एका बाजूला तो एक मुलगा आणि दुसऱ्या बाजूला ही दहा-बारा मुले! बाकी माझ्याच बाजूला निघते, असे मी धरून चाललो होतो.

यंदा वर्गात क्रिस्तपुराण शिकवण्याचा योग आला. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. गोव्यात राहून त्यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितली. ग्रंथ १६१६ साली छापला गेला. आदमाच्या पतनाची कथा सांगताना त्यांनी ‘पाप’ हा आपलाच शब्द उचलला. शब्द तोच, पण अर्थही तोच काय? हे विचारायला मी आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या प्राध्यापकांकडे गेलो. ते नगरकडचे, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातले.

“नव्या करारातला ग्रीक शब्द आहे हामार्तिया,” ते म्हणाले. “मूळ अर्थ नेम चुकणं. पण खरी गोष्ट पुढेच आहे. आदमानं फळ खाल्लं आणि तो झाडांमागे लपला. देवानं विचारलं तेव्हा त्यानं बायकोकडे बोट दाखवलं. देवाशी नातं तुटलं, माणसाशीही तुटलं. आमच्याकडे पाप म्हणतात ते या तुटण्याला. आणि ते काही करूनच घडतं असं नाही. चांगलं काय ते कळत असून न करणं हेही पापच, असं याकोबानं आपल्या पत्रात बजावलंय.”

मी जरा चुळबुळलो. “पण मग ते फेडायचं कसं? पुण्य करून?”

ते हसले. “तो मोह आमच्यातही शिरला होता की! रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामासाठी दंडमाफीची पत्रं विकली जात होती. १५१७ साली मार्टिन लूथरनं त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले ते उगीच नव्हे. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानात, पापाला ऋणच म्हटलंय. पण तिथं मागणं आहे ते ऋण सोडण्याचं. आता ऋण सोडायचं कुणी? ज्याचं देणं लागतो त्यानं. ऋणकोनं आपल्याच वहीत आकडे फिरवून ते सुटत नाही.”

मग मात्र मला राहवले नाही. चिठ्ठीची आणि फीची, दोन्ही हकिगती सांगून टाकल्या. ते बराच वेळ गप्प होते.

“वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात,” ते शेवटी म्हणाले, “आणि तिथं आठवलं की एका भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं, ही येशूची शिकवण. फी भरलीत, चांगलं केलंत. पोरांचं भलं झालं. पण त्या मुलाला कधी पत्र लिहिलंत का?”

मी घरी आलो. आपल्याकडे हे कुणी सांगितलेच नाही, असे म्हणायलाही तोंड नव्हते. तुकोबांनी स्वतःला पतित म्हणवले ते काय जमाखर्च मांडून? आणि नारदाने वाल्याला खडे मोजायला सांगितले नव्हते. घरी जाऊन माणसांना विचारून ये, एवढेच सांगितले होते. मी रांजण तेवढे लक्षात ठेवले आणि नारदाचा प्रश्न सोयीने विसरलो.

जुन्या विद्यार्थ्यांकडून त्याचा ठावठिकाणा काढला. एका तालुक्याच्या गावी त्याचे छोटे दुकान आहे. मोबाईलवर दोन ओळी टाकून मोकळे होता आले असते. पण तेही पुन्हा मोकळे होणेच! शेवटी कागद घेऊन बसलो. परिस्थिती, नवी नोकरी, घरची जबाबदारी असे लिहून चार कागद फाडले. आदमाचे बोट माझ्याही हाताला होते. पाचव्या कागदावर पहिले वाक्य उतरले: मी पाहिलं होतं.

हेही तीनच शब्द. लिहायला पंधरा वर्षे लागली. तुझी इच्छा असेल तर संस्थेलाही हेच लेखी कळवतो, असे खाली लिहिले आणि पत्र टाकले.

त्याला महिना झाला. उत्तर नाही. येईलच असे नाही, आणि त्याने क्षमा करावी असा माझा हक्कही नाही. यंदाही एका मुलाची फी भरणार आहे. फक्त ती आता जमेच्या बाजूला मांडणार नाही.