मोटारीतला गोंगाट रस्त्यावरच ठरतो

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन्ही गावे आता बेळगाव शहराला जवळजवळ भिडली आहेत. येथून गोव्याकडे निघालेल्या मोटारीसमोर मुख्य वाटा दोनच. एक जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाची, दुसरी खानापूर, रामनगरवरून अनमोड घाटाची. कोणतीही धरली तरी चाकांखालचा रस्ता सतत पालटत राहतो. कुठे काँक्रीट, कुठे नवे डांबर, कुठे खडी उघडी पडलेले जुने डांबर, तर कुठे पावसाळ्यानंतर मारलेली ठिगळे. काचा बंद असोत, वेग तोच असो, पृष्ठभाग बदलला की मोटारीतला आवाजही बदलतो. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर येताच पाच-सहा डेसिबलांचा फरक सहज पडतो. दहा डेसिबलांची वाढ कानाला साधारण दुप्पट भासते, हे लक्षात घेतले तर हा फरक किरकोळ नाही.

तरीही या त्रासावरचा उपाय शोधताना मोटारमालक रस्त्याकडे पाहत नाही. तो सजावटीच्या दुकानात जातो. दारांत व तळाशी चिकटवायच्या डॅम्पिंग शीटची, दारांच्या जादा रबरी पट्ट्यांची जाहिरात बेळगावात होते तशी म्हापसा-मडगावातही होते. यातले सारेच व्यर्थ नाही. मात्र कोणता आवाज कोणत्या वाटेने आत येतो, हे जाणून न घेता केलेला खर्च बहुधा निराशा करतो.

साधारण ४० ते ५० किलोमीटरच्या वेगानंतर प्रवासी मोटारीत इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा, आघाताचा आवाज वरचढ ठरतो. तो दोन वाटांनी आत शिरतो. टायरच्या खाचांत दबून सुटणारी हवा आणि रस्त्यावर आपटणारे रबराचे ठोकळे यांचा उंच पट्टीतला आवाज हवेतून, काचा व दारांच्या फटींतून येतो. खडबडीत रस्त्यावरची घरघर मात्र चाक, सस्पेन्शन आणि सांगाडा अशा धातूच्या वाटेने चढते व सगळी केबिन नगाऱ्यासारखी घुमवते. टायरच्या पोकळीतली हवादेखील २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास स्वतःचा सूर धरते. फोमचे अस्तर असलेले टायर त्यासाठीच निघाले आहेत. डॅम्पिंग शीट पत्र्याची थरथर कमी करते, पण सस्पेन्शनमधून चढणारा मूळ धक्का ती अडवू शकत नाही. दारात ती बसवताना तळाची पाणी निचऱ्याची छिद्रे बुजली, तर कणकुंबीच्या किंवा सत्तरीच्या पावसात दार आतून गंजू लागते. दुकानदार हे क्वचितच सांगतो.

खर्च करायचाच असेल तर आधी टायर पाहावेत. एका बाजूने झिजलेला टायर, खराब झालेले व्हील बेअरिंग, शिफारशीपेक्षा जास्त भरलेली हवा यांचा आवाज अनेकदा 'रस्त्याचा' म्हणून सहन केला जातो. विजेच्या मोटारीत तर तो अधिकच जाणवतो, कारण तो झाकायला इंजिनच नसते.

टायरांसाठी देशात नियम झाला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये एआयएस-१४२ हे मानक लागू करण्याची अधिसूचना काढली आणि फिरत्या टायरच्या आवाजालाही मर्यादा घातली. पण ही मोजणी होते बाहेर. इंजिन बंद ठेवून मोटार घरंगळू द्यायची आणि मार्गिकेच्या मध्यापासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने आवाज टिपायचा. चाचणीची धावपट्टीही ठरावीक, एकसारख्या पृष्ठभागाची असते. तिथे उत्तीर्ण झालेला टायर जांबोटीच्या रस्त्यावर कसा वाजेल, हे त्या प्रमाणपत्रातून कळत नाही. टायर कारखान्यात तपासला गेला. रस्त्याच्या आवाजाबद्दल कोणी विचारलेच नाही. खरी उणीव येथे आहे.

मुसळधार पावसाच्या पट्ट्यात काँक्रीटचा आग्रह समजण्यासारखा आहे. डांबर दर पावसाळ्यात उखडते, काँक्रीट दीर्घकाळ टिकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, कोकणातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग यांनी हीच दिशा धरली. परंतु चाक घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर आडव्या रेघा ओढण्याची आपल्याकडे रूढ असलेली पद्धत टायरला सलग शिट्टीसारखा सूर लावते. त्याच रेघा रस्त्याच्या दिशेने उभ्या ओढल्या तर आवाज बराच उतरतो. पाणी बाजूला वाहून जाण्यात त्या थोड्या कमी पडतात, म्हणून उतार व निचरा अधिक काटेकोर राखावा लागतो.

परदेशातले अनुभव जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. नेदरलँड्सने आपल्या बहुतेक महामार्गांवर सच्छिद्र डांबर वापरले. येथे लाल मातीने ती छिद्रे दोन पावसाळ्यांत बुजतील, असेच वाटते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने २००३ पासून फिनिक्स परिसरातल्या काँक्रीट महामार्गांवर रबरमिश्रित डांबराचा थर दिला. आवाज घटला, लोक खूश झाले. पण थर जुना होऊन उखडू लागला, तेव्हा तो काढून खालचे काँक्रीट हिऱ्याच्या पात्यांनी घासून गुळगुळीत करण्याचा मार्ग तिथल्या खात्याने धरला. आपल्याला जवळचा धडा हा दुसरा आहे.

मोटारीची काच जाड करून आतल्या चौघांना शांतता मिळते, पण रस्त्याकडेच्या घराला तिचा काडीचाही लाभ नाही. देशातल्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी वाहतुकीच्या आवाजाची दिवस-रात्रीची भारित सरासरी ५३ डेसिबलच्या खाली ठेवण्याची शिफारस केली. शहर जसजसे कंग्राळीसारख्या गावांच्या शिवारात सरकते, तसतशी रस्त्यालगतची घरे वाढतात. पृष्ठभाग सुधारला तर आतला व बाहेरचा, दोन्ही आवाज एकाच खर्चात उतरतात.

बेळगावभोवतीचा नियोजित रिंग रोड आणि हलगा-मच्छे बगलरस्ता वर्षानुवर्षे गाजत आहेत. सुपीक जमीन जाते म्हणून शेतकऱ्यांनी केलेला विरोध हा त्यांतला सर्वांत मोठा प्रश्न, आणि आवाजाचा मुद्दा त्याची जागा घेऊ शकत नाही. पण रस्ते कुठेही व केव्हाही झाले तरी निविदेत काँक्रीटची जाडी आणि ताकद जशी लिहिली जाते, तशी रेघांची दिशा आणि आवाजाची मर्यादाही लिहिता येते. काँक्रीट ओले असताना कंगवा आडवा फिरवायचा की उभा, यासाठी वेगळा निधी लागत नाही. वाळल्यावर तोच बदल करायचा तर हिऱ्याची पाती आणावी लागतात, आणि तो खर्च पुन्हा तिजोरीतूनच होतो.