सायकलीची परदेशवारी आणि सीमाशुल्काचा उंबरठा

2023 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही 1200 किलोमीटरची सायकलयात्रा झाली. ती 90 तासांत पुरी करू पाहणारा बेंगळुरूचा सायकलस्वार भाड्याच्या सायकलीवर विसंबत नाही. अंगवळणी पडलेली स्वतःचीच सायकल सुटी करून, खोक्यात भरून तो देवनहळ्ळीचा विमानतळ गाठतो. खोके 23 किलोंच्या आत ठेवता येते, 158 सेंटिमीटरच्या प्रचलित मर्यादेत मात्र बसत नाही. त्याचे किती पैसे घ्यायचे, हा विमान कंपन्यांचा प्रश्न. शासनाचा प्रश्न परतीच्या वेळी उभा राहतो.

वापरातील वैयक्तिक वस्तूंवर सीमाशुल्क नाही. परंतु दोन-तीन लाखांची सायकल परदेशात विकत घेतलेली नाही, हे सिद्ध करण्याचा भार प्रवाशावर. त्यासाठी निघतानाच निर्यात प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. पण सामान सोपवण्यापूर्वी वस्तू दाखवायची, म्हणजे निगुतीने बांधलेले खोके ऐन मध्यरात्री पुन्हा उघडायचे. ते टाळले, तर परतल्यावर सारे समोरच्या अधिकाऱ्याच्या विवेकावर.

सवलतीच्या गैरवापराची भीती प्रशासनात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला परकी नाही. पण दागिन्यापेक्षा सायकल ओळखणे कितीतरी सोपे. तिच्या सांगाड्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक, देयक आणि छायाचित्र यांची आगाऊ ऑनलाइन नोंद घेऊन पाच वर्षे चालणारे प्रमाणपत्र द्यावे.

स्वतःची सायकल परदेशी नेणे ही काही आजची हौस नव्हे. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले, ते 1928 मध्ये परतले. त्या प्रस्थानाला 2023 मध्ये शंभर वर्षे झाली. पॅरिसची पुढची यात्रा 2027 मध्ये; एक अर्ज तयार करायला तेवढा अवधी पुरावा.