कुत्र्याला लोणचे घालावे काय?

कैऱ्या बाजारात आल्या की आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांतून फेसलेल्या मोहरीचा वास दरवळू लागतो. माळ्यावरच्या चिनी मातीच्या बरण्या खाली येतात. गुजराती शेजारणीकडून छुंदा येतो, आपल्याकडून मेथांबा जातो. या देवघेवीत घरचे कुत्रेही बहुधा वाटेकरी असते. त्याच्याविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

माझे वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, पण दरबारी रीत घरात पाहिली. वडील पानावर बसले की मोती त्यांच्या उजव्या हाताला बसे. शेवटचा घास त्याचा. तोही लसणाच्या लोणच्याचा खार कालवलेला, वर चार-पाच पाकळ्या. एका उन्हाळ्यात हा लाड रोज चालला. महिन्याभरात मोती मलूल झाला, जिना चढताना धापा टाकू लागला, लघवी काळपट तांबडी होऊ लागली. गुरांच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ उचलून पाहिला, तो हिरड्या पांढऱ्याफटक! त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "याला कांदा-लसूण कोण घालतं?" वडिलांनी मान खाली घातली.

कांदा-लसणातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात व त्या फुटू लागतात. शिजवल्याने, वाळवल्याने वा मुरवल्याने हा दोष जात नाही. परिणाम दिसायला पुष्कळदा काही दिवस लागतात. म्हणून घातलेला घास आणि आलेले दुखणे यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २ ग्रॅम मीठ पोटात गेले तर विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. पाच किलोच्या लहान कुत्र्याला १० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन चहाचे चमचे पुरे. लोणच्याचे एक बोट चाटल्याने हे होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण उघडी राहिलेली बरणी त्याने फस्त केली तर उलट्या, अतोनात तहान, थरथर आणि झटकेही येऊ शकतात. शिवाय तेल व तिखट पोट बिघडवतात, तेलाच्या अतिरेकाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कैरीची कोय गिळली तर आतड्यात अडकते. आंबटगोड लोणच्यातल्या मनुका-बेदाण्यांनी तर मूत्रपिंडेच निकामी होऊ शकतात. असा प्रसंग आला तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय कदापि करू नये. त्याने मिठाचे विष वाढते. स्वच्छ पाणी समोर ठेवावे, लोणच्यात काय काय होते ते आठवून तडक डॉक्टर गाठावा.

कोणी म्हणतील, "आमच्या आजोबांचे कुत्रे उष्ट्यावरच वाढले, त्याला काय झाले?" काही वाचली असतील. पण जी दोन-चार वर्षांतच गेली, त्यांची मोजदाद कोणी ठेवली? कुत्र्याचे दुखणे काढून त्याचे कारण शोधण्याची आपल्याकडे चालच नव्हती. आणि जुन्या चालीचाच दाखला हवा असेल तर वैश्वदेव आठवावा. त्यात कुत्र्याचाही बळी काढीत, आणि तो भात अळणी असे. पानातले उरलेसुरले त्याच्यापुढे लोटण्यापेक्षा जेवणाआधी त्याचा घास वेगळा काढणे, ही रीत मला अधिक सभ्य वाटते.

मी गाणे शिकवतो. नव्या शिष्येला बसवताना पहिली गोष्ट पाहायची ती तिची पट्टी. माझा आवाज पांढरी एकचा म्हणून काळी चारच्या मुलीला मी माझ्या पट्टीत गायला लावले, तर तिचा गळा बिघडेल. आणि वर मी म्हणेन की, मी तर मायेने शिकवले! देणाऱ्याला काय आवडते यावर दान ठरत नाही, घेणाऱ्याला काय झेपते यावर ठरते. मुलगी निदान "गुरुजी, त्रास होतो" असे म्हणू शकते. कुत्रे आपल्या हातून आलेले सारे विश्वासाने गिळते. नाही म्हणणे त्याला ठाऊक नाही, म्हणून ते आपण म्हटले पाहिजे.

मोती त्या दुखण्यातून उठला. वडिलांनी त्याच्यासाठी पितळेची वाटी वेगळी केली आणि अळणी भात स्वतः कालवून ते आधी त्याला वाढीत, मग आपल्या पानावर बसत. लसणाची बरणी मात्र त्या वर्षी पुन्हा उघडली नाही. आईने एकदा आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "त्याच्यादेखत खाववत नाही." यंदा बरणी भरताना आपल्या घरातही एक वाटी अशी वेगळी निघावी, एवढेच सांगणे.