श्वानाचे वय आणि त्याचे अन्न

गोंदिया हा धानाचा जिल्हा. त्यामुळे येथील कित्येक घरांत श्वानाला आयुष्यभर दूधभातच मिळतो. भात त्याला पचतो. परंतु वाढ झालेल्या अनेक श्वानांना दुधातील साखर पचत नाही आणि अतिसार होतो. शिवाय एवढ्याने प्रथिनांची गरजही भागत नाही.

साधारण आठ आठवड्यांनी पिल्लाचे आईचे दूध सुटते. त्यानंतर काही महिने त्यास दिवसातून तीन-चार वेळा प्रथिनयुक्त आहार द्यावा. मोठ्या जातीच्या पिल्लास जादा कॅल्शियम अपायकारक ठरते. प्रौढास दोन वेळा, मोजून द्यावे. वृद्धापकाळी हालचाल मंदावते, म्हणून अन्नातील उष्मांक कमी करावेत. प्रथिने मात्र वैद्यकीय सल्ल्याविना घटवू नयेत.

सुनियोजित शाकाहारावर श्वान राहू शकतो. मात्र तो आहार पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावा. मांजराचे तसे नाही. तिचा देह मांसावरच पोसला जातो. म्हणून आपल्या घरांत मांजर आणण्यापूर्वी पुरता विचार व्हावा.

कांदा-लसूण श्वानास विषारी असतो. तो आपल्या स्वयंपाकघरात बहुधा नसतोच. पण सुक्या मेव्यातील मनुका व बेदाणे असतात. त्यांनी श्वानाचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. जीवदयेने घातलेला घास त्या जीवास मानवतो का, हे आधी पाहावे.